सगळ्यांचे दादा, घरचे पाहुणे

"ताई, नमस्कार. वय ४६. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, वडिलांपासूनची. राहायला विश्रामबाग. धंदा बरा, तब्येत बरी, तक्रार फक्त वेळेची. पतसंस्थेत संचालक आहे, गणेश मंडळाचा खजिनदार आहे, अपार्टमेंटचा सेक्रेटरी आहे. शिवाय ओळखीत कुणाला मिरजेला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला फोन मला येतो. २०१९ च्या पुरात आम्ही मंडळाच्या पोरांनी होडीतून माणसं काढली, तेव्हापासून 'दादा' हे नाव चिकटलं. नाही म्हणवत नाही.

गेल्या महिन्यात आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी मांडवाच्या परवानगीच्या कामात अडकलो, भाचा घेऊन गेला. दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून घ्यायची आहे. बायको भांडली नाही. रात्री वाढताना एवढंच म्हणाली, 'तुम्हाला भेटायचं तर मीपण मंडळाची वर्गणी भरू का?' मुलगी बारावीला आहे, ती तर हल्ली काही सांगतच नाही. मोबाईलवर वेळेच्या नियोजनाची दोन ॲप घेतली, पहाटे पाचला उठायचं ठरवलं, चार दिवस उठलो. मला एक चांगलं वेळापत्रक करून द्या."
— सगळ्यांचा दादा, विश्रामबाग

दादा,

वेळापत्रक देत नाही. तुमचं पत्र आल्यावर मी उलट टपाली एकच काम सांगितलं होतं: आठ दिवस कुठे किती वेळ गेला ते लिहून पाठवा, सजवू नका. तुम्ही ते शेतकऱ्यांना मालाचा हिशेब देतात त्या पट्टीच्या कोऱ्या कागदांच्या पाठीमागे लिहून पाठवलंत. पुढच्या बाजूला वजन, तोलाई, हमाली, अडत असे छापील रकाने आणि मागे तुमचा आठवडा. एकतीस वर्षं बँकेत आकडे जुळवण्यात गेली, त्यामुळे मी आधी बेरीज मारली, मग मजकूर वाचला.

आठवड्याचे तास १६८. झोप ४२. दुकान आणि सौदे मिळून ५४. अंघोळ, जेवण, चहा, जाणं-येणं २१. पलंगावर पडून मोबाईल ११. बाहेरची कामं, म्हणजे संस्था, मंडळ, अपार्टमेंट, मिरज, ३१. उरले ९. या नऊ तासांत आई, बायको, मुलगी आणि टीव्हीवरच्या बातम्या.

त्या एकतीस तासांतही तुम्ही प्रामाणिकपणे फोड केलीय. पतसंस्था ७, मंडळ ६, अपार्टमेंट ५, दवाखाने ४. आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात "उभ्या उभ्या ९". मला आधी कळेना, मग लक्षात आलं. सभा संपल्यावर पायरीवर, चहाच्या गाड्यापाशी, गाडीला किल्ली लावून एक पाय खाली टेकवून जे बोलणं चालतं ते. म्हणजे नाक्यावर उभ्यानं जितका वेळ दिलात, बरोबर तितकाच घरात बसून दिलात. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आकडा तुमचा आहे, मी फक्त शेजारी शेजारी मांडला.

मंगळवारचं पान मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. "सायं. ७.१० घरी निघालो. ७.१५ अपार्टमेंटच्या मोटरचा फोन, ५ मिनिटं. ८.२० पतसंस्थेत सही, ५ मिनिटं. ९.०५ मंडळाच्या पोरांना भेटलो, ५ मिनिटं. १०.१५ घरी. ताट झाकलेलं होतं." तीन वेळा पाच मिनिटं, आणि मध्ये तीन तास गेले. काम किती वेळ खाईल याचा अंदाज माणूस नेहमी कमी धरतो, आधीचा अनुभव गाठीशी असला तरी. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीवर लिहून तिला नावही दिलं. तेव्हा हा दोष काही खास तुमचा नाही. पण तुम्ही व्यापारी आहात. शेतकऱ्यानं "पोत्यात पन्नास किलो आहे" म्हटलं म्हणून तुम्ही न तोलता पट्टी करता का? मग "पाच मिनिटं" हे वजन तेवढं न तोलता का घेता? यापुढे पाच मिनिटं ऐकलं की तास धरा आणि मग ठरवा.

आता ॲपविषयी. तुमच्या ॲपमध्ये ते चार चौकोन असणारच, तातडीचं आणि महत्त्वाचं असे. ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर खपतात. गंमत अशी की १९५४ साली भाषणात ते बोलले तेव्हा ते स्वतःच एका माजी कॉलेज-अध्यक्षांचं वाक्य सांगत होते: माझ्यापुढचे प्रश्न दोन प्रकारचे, तातडीचे आणि महत्त्वाचे, तातडीचे असतात ते महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात. वाक्य खरं आहे. पण तुमच्या हातात ते चौकोन दिले तर सगळी कामं पहिल्याच चौकोनात जाऊन बसतील, कारण तुमच्याकडे काय तातडीचं ते फोन करणारा ठरवतो. मोटर बंद पडली की लोक ओरडतात. मुलगी बोलायची बंद झाली तर कुणाचाही फोन येत नाही.

पहाटे पाचला उठणं सोडून द्या. साडेअकराला झोपणाऱ्या माणसानं पाचला उठणं म्हणजे झोपेच्या खात्यातून काढून मंडळाच्या खात्यात भरणं.

तुम्ही सांगलीचे आहात, म्हणून तुम्हाला जे सांगायचं त्याला मला बाहेरचा शब्द लागत नाही. जून उजाडला की आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी विचारतो. १९२९ चा तो पूल आता आपल्याला मुख्यतः पाणी मोजायची पट्टी म्हणूनच माहीत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा तुम्ही होडीत होता, मी गावभागात शेजारणीच्या गच्चीवर. चाळीसचा आकडा कशासाठी असतो? चाळीसला सगळं गाव पाण्यात नसतं. चाळीसला सामान वर चढवायचं असतं. तुम्हाला धोक्याची पातळी माहीत आहे, म्हणजे आईच्या ऑपरेशनला तुम्ही नसणं, बायकोनं ते वाक्य म्हणणं. इशाऱ्याची पातळीच तुम्ही कुठे खुणावलेली नाही. माझ्या मते तुमचं चाळीस म्हणजे झाकलेलं ताट. आठवड्यात दुसऱ्यांदा ताट झाकलेलं दिसलं की पुढचे तीन दिवस बाहेरचं एकही काम नाही. कारण विचारायचं नाही, घासाघीस करायची नाही, सामान वर चढवायचं.

दुसरी गोष्ट नदीकाठी आखलेल्या पूररेषांची, आतली निळी आणि बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही म्हणजे नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून परवानगी. आपल्या गावात निळ्या रेषेच्या आत किती घरं उठली आणि पुरात त्यांचं काय झालं हे मी तुम्हाला काय सांगू, तुम्हीच त्यांना होडीत घेतलंत. तुमच्या दिवसाचं तेच झालंय. नदीची जागा होती, तिथे सगळ्यांनी खोल्या बांधल्या आणि परवानगीवर सही तुमचीच.

तर तुमची निळी रेषा रोज रात्री ८ ते ९.३०, आणि रविवारी सकाळी उठल्यापासून बारापर्यंत. या वेळात फोन फ्रिजवर, आवाज बंद करून. अपघात, मयत आणि पूर या तिघांना मुभा; पाण्याची मोटर यात येत नाही. हिशेब करा, रोजचे दीड तासच आठवड्याला साडेदहा होतात. म्हणजे रविवार न धरताही घर आजच्या नऊच्या वर गेलं, आणि दुकानाचा एक मिनिटही कमी झाला नाही.

लाल रेषेत मिरज घाला. ते सोडा असं मी म्हणणार नाही. मिरजेत कुठला डॉक्टर कशाचा, कुठे केसपेपर किती वाजता बंद होतो, हे ज्याला माहीत तो माणूस खेड्यातून आलेल्या म्हातारीला देवासारखा वाटतो. आठवड्याला चार तास त्यासाठी जात असतील तर ते सत्कारणी आहेत. फक्त अट घाला: गुरुवारी. गुरुवारी नेतो, दोघातिघांना एकदम नेतो. मोतीबिंदू, गुडघा, शुगर हे गुरुवारपर्यंत थांबतात.

आता पदं. हल्ली पदांचं पेव फुटलंय, आणि पेव म्हणजे काय हे हळदवाल्याला मी सांगायला नको. हरिपूरच्या पेवांत हळद ठेवायची तर खड्डा किती खोल तेवढीच पोती उतरायची. वरून कितीही आग्रह झाला तरी खड्डा वाढत नाही. तीन पदांपैकी दोन सोडा, असं मी सांगेन. कुठली ते तुम्ही ठरवा, पण पतसंस्थेबद्दल माझं बँकेतलं मत ऐका. तुम्ही लिहिलंय, "सही, ५ मिनिटं." कशावर सही केलीत, दादा? कर्ज मंजुरीच्या ठरावावर पाच मिनिटांत सही करणारा संचालक मला फार पाहायला मिळाला, आणि पुढे चौकशी लागल्यावर रडणारासुद्धा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ८८ आहे. संस्थेचं नुकसान झालं तर ज्यांच्यामुळे झालं त्यांच्यावर ते वैयक्तिक बसवता येतं. तिथे 'मी समाजसेवा म्हणून बसलो होतो' हे चालत नाही. तेव्हा पतसंस्था ठेवायची तर बैठकीच्या आदल्या दिवशी कागद घरी आणून वाचा, नाहीतर मुदत संपताच उभे राहू नका. अर्धवट लक्ष देऊन करण्याची ती जागा नव्हे. अपार्टमेंटचं सेक्रेटरीपद मात्र या महिन्यातच द्या. चावीचा जुडगा, प्लंबरचा नंबर, पासबुक, मिनिटबुक एका पिशवीत घालायचं, वर यादी चिकटवायची आणि पिशवी सोपवायची. पिशवी महत्त्वाची. नुसतं "मी सोडतोय" म्हटलं तर पुढची दोन वर्षं फोन तुम्हालाच येतील.

तुम्ही मनात म्हणाल, मी सोडलं तर बघणार कोण? माझंच सांगते. चौदा वर्षं मी आमच्या बायकांच्या भिशीची खजिनदार होते. सोडायचं म्हटलं की "तुमच्याशिवाय कोण आहे?" आणि मी विरघळायची. एका दिवाळीनंतर मन घट्ट केलं, पत्र्याचा डबा आणि वही नेऊन ठेवली, घरी येऊन वाट बघत बसले की आता येतील समजूत काढायला. संध्याकाळपर्यंत नवी खजिनदार ठरली होती. दुसऱ्या दिवशी तिनं हिशेब मोबाईलवर चढवला आणि बायका म्हणाल्या, किती सोपं झालं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू.

नाही म्हणवत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही नाही म्हणता, दादा, रोज म्हणता, फक्त घरच्यांना. आणि बाहेरच्यांना काय म्हणता ते तुमच्याच कागदांवर सहा ठिकाणी आहे: "बघतो म्हटलं." आपल्याकडे 'बघतो' हा फार घातकी शब्द आहे. म्हणणाऱ्याला वाटतं मी टाळलं, ऐकणाऱ्याला वाटतं झालं काम. मग तो आठ दिवसांनी विचारतो, तुम्ही ओशाळता आणि ओशाळून करता. 'बघतो'ला महिनाभर जीभ लावू नका. त्याऐवजी, "या महिन्यात मला जमणार नाही." एवढंच, आणि कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. दुकान आहे म्हणालात की तो म्हणेल, मग दुकान बंद झाल्यावर या. कारणच नसलं की त्याला धरायला फांदी नाही. पहिल्या चार वेळा घशाशी येईल. पाचव्यांदा तुम्हाला कळेल की समोरच्यानं तोवर दुसऱ्याला फोनसुद्धा लावला.

हे सगळं आत्ताच करा, कारण दिवस बरोबर आहेत. नवी हळद यायला लागली, सौदे तेजीत आले, की फेब्रुवारी ते मे मी तुम्हाला आठला घरी या म्हणणार नाही. तुमचा धंदा तसा नाही. सीझनमध्ये निळी रेषा नऊवर सरकवा, पण सरकवायची, पुसायची नाही, आणि घरात आधी सांगून सरकवायची. तुमच्या घराची गंमत मला अशी दिसते की सीझनमध्ये तुम्ही धंद्यामुळे नसता हे सगळ्यांनी मान्य केलंय. सल पावसाळ्याची आहे. यार्ड थंडावतं, तुम्ही मोकळे होता, घरातली आशेला लागतात आणि नेमका तेव्हाच मांडव उभा राहायला लागतो.

एक धोक्याची सूचना. हे पत्र वाचून घरी जाऊन घोषणा करू नका. "आजपासून मी घराला वेळ देणार" हे वाक्य तुमच्या बायकोनं आधी ऐकलेलं असणार. गुपचूप आठला या. पहिले काही दिवस कुणाला काय बोलावं सुचणार नाही, मुलगी खोलीत निघून जाईल, तुम्ही रिमोट शोधाल. शोधू नका. ओट्यापाशी जा.

तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते, तुमच्या आठवड्याचे १६८ तास मी पाहिले, तिचे मला कुणी पाठवलेले नाहीत. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. तीही फक्त करणारे पुरुष मोजून. तुमच्या कागदांवर घरकाम हा रकानाच नाही. मदत करू नका. "सांग काय करू" म्हटलं की काय करायचं, कधी करायचं, झालं का, हे सगळं तिच्याच डोक्यात राहतं, तुम्ही नुसता हमाल. एक काम पूर्ण घ्या, आठवणीसकट. माझ्या डोळ्यासमोर एक आहे.

आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख. ती उद्या तुम्ही स्वतः जाऊन घ्या. आधीचे तपासणीचे कागद कुठे आहेत ते बायकोला विचारावं लागेल. विचारा, आणि मग ती फाईल तुमच्या कपाटात ठेवा. तुम्ही लिहिलं नाही, पण आईंना शुगर असेल, बीपी असेल, तर त्या दिवशी सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना आधी विचारून लिहून घ्या. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालायचे असतात, दिवसातून कैक वेळा, दोन वेगळे थेंब असले तर मध्ये अंतर ठेवून. पहिल्या डोळ्याचे कुणी घातले ते मी विचारत नाही. या डोळ्याचे सकाळचे आणि रात्रीचे तुमचे. हात धुऊन, आईला उताणं झोपवून, खालची पापणी हलकेच ओढून. रात्रीचे थेंब म्हणजे आठ ते साडेनऊच्या आतच आले, तेवढं सोयीचं आहे.

तारीख गुरुवारची घेऊ नका. आणि मिरजेला निघाल तेव्हा मागच्या सीटवर आईखेरीज दुसरा पेशंट घेऊ नका.

तुमची,
ताई